वन्समोअर : संहितेबाहेरचा प्रेक्षक

१

मराठी संगीत नाटक आपण वर्गात शिकतो आणि शिकवतो ते पुस्तकावरून. ‘संगीत सौभद्र’ हाती घेतले की कथानक, पात्रचित्रण, विनोद, पदांची वृत्ते आणि भाषा असा क्रम ठरलेला असतो. पुस्तकात प्रत्येक पद एकदाच छापलेले असते, आणि ते एकदाच वाचून आपण पुढच्या संवादाकडे वळतो. रंगभूमीवर मात्र एके काळी नावाजलेले पद एकदाच म्हटले गेले, तर गायक नटाला ती रात्र वाया गेल्यासारखी वाटत असे. प्रेक्षागृहातून ‘वन्समोअर’ची आरोळी उठावी, तबलजीने पुन्हा ठेका धरावा, नायिकेने नुकतेच ढाळलेले अश्रू पुसण्याच्या आत तेच दुःख नव्या तानेने पुन्हा गावे, असा त्या रंगभूमीचा रिवाज होता.

जो प्रेक्षक या रिवाजात वाढला त्याला त्यात नवल वाटत नसे. नवल वाटते ते नवख्याला. संवादनाट्याच्या शिस्तीत वाढलेला, अंधारात गप्प बसणे म्हणजेच सुसंस्कृतपणा असे मानणारा वाचक-प्रेक्षक पहिल्यांदा अशा प्रयोगाला जातो, तेव्हा त्याच्या लक्षात येते की छापील संहितेशेजारी येथे दुसरी एक अलिखित संहिता चालू आहे. ती सभोवतीच्या सर्वांना पाठ आहे आणि केवळ आपल्यालाच ठाऊक नाही. कोठे दाद द्यायची, कोठे थांबवायचे, कोठे सोडून द्यायचे, हे त्या संहितेत ठरलेले असते. मराठी संगीत रंगभूमीचा इतिहास या दुसऱ्या संहितेवाचून अपुरा राहतो, आणि आपल्या समीक्षेने तिच्याकडे बहुतांशी केवळ एक विकृती म्हणून पाहिले, असे आम्हांला वाटते. प्रस्तुत लेखात त्याचाच थोडा विचार करावयाचा आहे.

२

प्रेक्षकाचा आवाज ही काही उथळ काळाची देणगी नव्हे. भरताच्या नाट्यशास्त्रात प्रयोगाच्या सिद्धीचा स्वतंत्र विचार केलेला आहे, आणि ती सिद्धी ओळखावयाची ती प्रेक्षकांवरून. मानुषी सिद्धीचे वाङ्मयी आणि शारीरी असे दोन भाग भरत करतो. स्मित, मोठे हास्य, ‘साधु’, ‘अहो’, ‘कष्टम्’ असे उद्गार ही वाङ्मयी सिद्धीची लक्षणे. अंगावर रोमांच येणे, आसनावरून उठणे, अंगावरचे वस्त्र बक्षीस म्हणून देणे, ही शारीरी सिद्धीची. त्यापलीकडे दैवी सिद्धी आहे. तेथे प्रेक्षागृह भरलेले असते, आणि तरीही आवाज नसतो, क्षोभ नसतो. म्हणजे कोलाहल आणि निःशब्दता या दोहोंनाही भरताने यशाचीच चिन्हे मानले आहे. त्याने दैवीला वरचे स्थान दिले हे खरे. परंतु मानुषी सिद्धीला त्याने सिद्धीच म्हटले, दोष म्हटले नाही.

मराठी प्रेक्षक नाटकाला आला तो काही कोऱ्या मनाने आला नव्हता. कीर्तनात बुवांच्या मागे ध्रुपद धरण्याची, मध्येच नामगजर करण्याची त्याला सवय होती. तमाशाच्या फडात दौलतजादा करून गाणारणीला ओळीच्या मध्यावर थांबवण्याचा हक्क त्याने विकत घेतला होता. कलगी आणि तुरा या शाहिरी पक्षांच्या सवाल-जवाबांत बाजू घेऊन रात्र जागवणे त्याला माहीत होते. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हा सूत्रधाराने आख्यान गावे आणि पात्रांनी त्यावर भाषण व अभिनय करावा अशी रचना होती. गाणे अजून कीर्तनकाराच्याच जागी उभे होते.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी ते गाणे पात्राच्या तोंडी दिले. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात ‘संगीत शाकुंतल’चे पहिले चार अंक झाले, आणि १८८२ मध्ये ‘सौभद्र’ आले. या नाटकांतील पदांच्या चाली कानांना परक्या नव्हत्या. साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत हे प्रकार श्रोत्यांनी आख्यानांत आणि कीर्तनांत ऐकलेले होते. चाल ओळखीची असल्याने त्या रात्रीच्या गायकाने तिच्यात काय नवे घातले हे ऐन वेळी कळत होते. ‘पुन्हा’ म्हणण्याचा अधिकार येथून येतो. ज्याला मूळ ठाऊक आहे तोच फरकासाठी हट्ट धरू शकतो.

शब्दाचीही गंमत पाहण्याजोगी आहे. इंग्रज श्रोता अशा वेळी फ्रेंच शब्द उच्चारतो आणि ‘आँकोर’ म्हणतो. फ्रेंच श्रोता ‘बीस’ म्हणतो. मराठी प्रेक्षकाने मात्र साध्या इंग्रजी शब्दांचा जोड करून ‘वन्समोअर’ हे स्वतःचे नाम घडवले. त्याला तो घेता येतो, देता येतो, मिळवता येतो. ‘या पदाला तीन वन्समोअर मिळाले’ हे वाक्य इंग्रजीत नेऊ गेल्यास अडखळते. मराठीत ते हिशेबाच्या वहीतल्या नोंदीइतके सहज आहे.

३

या रिवाजाने नाटकाचे काय केले, हे पाहावयाचे तर ‘एकच प्याला’ घ्यावे. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी निवर्तले आणि त्यानंतर महिन्याच्या आत, २० फेब्रुवारीस, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास नाटक रंगभूमीवर आणले. त्यातील पदे गडकऱ्यांची नाहीत, ती विठ्ठल सीताराम गुर्जर यांची. सिंधूचे गद्य एकाचे, सिंधूचे गाणे दुसऱ्याचे, चाली आणखी कोणाच्या, आणि ते गाणे किती वेळ चालावे हे ठरवणार बालगंधर्वांचा कंठ व समोरचा समुदाय. आपण परीक्षेत ‘गडकऱ्यांची सिंधू’ असे लिहितो, तेव्हा यांतील कोणती सिंधू आपल्या डोळ्यांसमोर असते?

‘शारदे’चा प्रश्न याहून अवघड आहे. गोविंद बल्लाळ देवलांचे हे नाटक १८९९ चे. म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या मुलीची कैफियत त्यात पदांतून येते. या नाटकाचा ठसा असा, की १९२९ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा हरविलास सारडा यांच्या नावाने ओळखला जात असताना महाराष्ट्रात तो सर्रास ‘शारदा कायदा’ म्हणून बोलला गेला. आता, अशा मुलीचे गाऱ्हाणे प्रेक्षक पुन्हा गायला लावतो, याचा अर्थ काय? एक अर्थ सरळ आहे : त्याला गाणे आवडले, मुलगी नव्हे. तिचे दुःख त्याच्या करमणुकीचा विषय झाले. दुसराही अर्थ संभवतो. ज्या समाजात मुलीने स्वतःच्या लग्नाविषयी एक शब्द बोलणे अशक्य, तेथे भरल्या सभेने तिला ‘पुन्हा सांग’ असे म्हणावे, ही गोष्ट केवळ कानसेनांची नाही. हे दोन अर्थ एकाच आरोळीत मिसळलेले होते. पुस्तकातून त्यांतला एकही दिसत नाही.

प्रेक्षकाच्या या सत्तेला एक निर्दय अंगही होते. १२ मार्च १९११ रोजी मुंबईस किर्लोस्कर नाटक मंडळीने खाडिलकरांच्या ‘मानापमाना’चा पहिला प्रयोग केला. गोविंदराव टेंब्यांच्या चाली, भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व. त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी वारली होती. तरीही प्रयोग झाला, आणि भामिनी गायली. ही हकीकत आपल्याकडे कर्तव्यनिष्ठेचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. तिच्यात कर्तव्यनिष्ठा आहेच. पण जो समुदाय गायकाला हवे तितक्या वेळा परत बोलावू शकतो, त्याला नकार देणे गायकाला शक्य राहत नाही, हेही तिच्यात आहे. समुदायाने ते मागितले होते असे नव्हे. मागण्याची वेळच येऊ न देण्याइतकी त्याची सत्ता मुरलेली होती.

दहा वर्षांनी, ८ जुलै १९२१ रोजी, याच नाटकाचा ‘संयुक्त मानापमान’ म्हणून गाजलेला प्रयोग मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी झाला. बालगंधर्व भामिनी, ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर. दोन मंडळ्यांचे दोन धनी प्रथमच एका रंगमंचावर आल्याने प्रेक्षागृहात दोन पक्ष पडले. कोणाचे गाणे वरचढ, हा त्या रात्रीचा खरा विषय होता. धैर्यधर आणि भामिनी यांची मानापमानाची कथा आणि दोन गायकांच्या चाहत्यांची चुरस अशी दोन नाटके एकाच वेळी चालली होती. हे दृश्य सवाल-जवाबाच्या फडाला फारच जवळचे आहे. सुशिक्षित नाटकगृहाने फडाला दाराबाहेर ठेवले असे आपण समजतो. तो दुसऱ्या दाराने आत आलेला होता.

४

आक्षेप अर्थातच होते, आणि ते पोकळ नव्हते. रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत रेंगाळे. करुण प्रसंगात सहनट गाणे संपेपर्यंत ताटकळत उभे राहत. नाटककार प्रसंगासाठी पद लिहिण्याऐवजी पदासाठी प्रसंग रचू लागले. १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट आला आणि तिकिटाच्या कमी दरात गाण्याचा दुसरा बाजार उघडला. १ जुलै १९३३ रोजी ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ सादर केले. मूळ नॉर्वेजियन लेखक ब्यर्नसन, मराठी रूप श्री. वि. वर्तकांचे, संगीत केशवराव भोळ्यांचे. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या, गाणी मोजकी आणि प्रसंगाच्या मापाची ठेवली. नव्या नाटकाने प्रेक्षकाकडून एक नवी गोष्ट मागितली : त्याने गप्प बसावे.

ही मागणी न्याय्य होती. तिने आपल्याला संवादाचे बारकावे, विराम, पात्राची आंतरिक गती दिली. पण इतिहास लिहिताना आपण एक चूक करतो. गोंगाट मागे पडला आणि जाण आली, असा प्रगतीचा सरळ रस्ता आपण आखतो. प्रत्यक्षात प्रेक्षकाचा ‘पुन्हा’ म्हणण्याचा हक्क नाहीसा झाला नाही, त्याचे ठिकाण बदलले. ध्वनिमुद्रिकेच्या तबकडीने तो घरात नेला. तीन-साडेतीन मिनिटांत मावणारे पद सुई उचलून हवे तितक्यांदा ऐकता येऊ लागले, मात्र गायकाला त्यात नवे काही घालता येईना. वन्समोअर मिळाला, त्याला उत्तर मिळाले नाही.

१९६० च्या दशकात विद्याधर गोखल्यांच्या ‘पंडितराज जगन्नाथ’ आणि ‘मंदारमाला’ यांनी जुना प्रेक्षक पुन्हा जागा केला. २४ डिसेंबर १९६७ रोजी आलेल्या दारव्हेकरांच्या ‘कट्यार काळजात घुसली’ने तर युक्तीच वेगळी केली. तेथे दोन घराण्यांची स्पर्धा हेच कथानक असल्याने दाद देणारा प्रेक्षक आपोआप दरबारातला श्रोता होतो. वसंतराव देशपांड्यांच्या खाँसाहेबांना मिळालेली टाळी नाटक थांबवत नसे, ती नाटकाच्या आतच पडे. त्याच सुमारास, १९६५ मध्ये, वसंत सबनीसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ आले. दादा कोंडक्यांनी समोरच्या प्रेक्षकाला आणि त्या दिवसाच्या बातमीला बतावणीत ओढून घेतले. त्याची छापील प्रत वाचणाऱ्याला प्रयोगाची निम्मी गंमतही कळत नाही, कारण उरलेली निम्मी त्या संध्याकाळच्या माणसांची होती.

५

परदेशातील एक उदाहरण तुलनेसाठी उपयोगी पडेल. रिचर्ड ओब्रायन यांचे ‘द रॉकी हॉरर शो’ हे संगीत नाटक १९७३ च्या जूनमध्ये लंडनच्या रॉयल कोर्ट नाट्यगृहाच्या माडीवरील छोट्या दालनात सुरू झाले. १९७५ मध्ये त्यावर निघालेला चित्रपट आधी पडला. १९७६ च्या एप्रिलपासून न्यूयॉर्कच्या वेव्हर्ली चित्रगृहात त्याचे मध्यरात्रीचे खेळ लागले आणि प्रेक्षक पडद्याशी बोलू लागले. पात्राच्या वाक्यांमधल्या फटींत ठरलेली उत्तरे ओरडायची, लग्नाच्या दृश्यात तांदूळ उधळायचे, पावसाच्या दृश्यात डोक्यावर वर्तमानपत्र धरायचे. पहिल्यांदाच आलेल्यांसाठी तेथे चेष्टेचे एक खास नाव आहे, आणि खेळाआधी त्यांना सर्वांसमोर उभे करून त्यांची दीक्षा करण्याची चाल आहे.

नवख्याची फजिती येथेही तीच : अलिखित संहिता ठाऊक नसणे. भेद मात्र मूलगामी आहे. पडद्यावरचे पात्र उत्तर देत नाही. प्रेक्षक कितीही ओरडला तरी चित्रफितीतली एक चौकटही हलत नाही, म्हणूनच प्रेक्षकाच्या आरोळ्या ठरीव होऊ शकतात. सिंधू आणि भामिनी मात्र हलत होत्या. त्यांना थांबवता येई, परत आणता येई, आणि परत आलेली भामिनी पहिल्यासारखी नसे. तेथे प्रेक्षक समारंभ करतो, येथे तो प्रयोगाची लांबी आणि वळण ठरवीत असे.

६

हे सर्व इतिहासजमा झाले काय? साकीनाक्याला राहणाऱ्याने तरी तसे म्हणू नये. साष्टीतील साकी या गावावरून ओळखल्या जाणाऱ्या या नाक्याचा नाट्यपदातील साकीशी नामसाम्यापलीकडे संबंध नाही. अंधेरी-कुर्ला रस्त्यावरची ही वस्ती कारखान्यांची, गाळ्यांची आणि चाळींची. २०१४ पासून तिच्या डोक्यावरून मेट्रो जाते. नाट्यगृह गाठायचे तर येथून पार्ल्याला नाहीतर दादरला जावे लागते. परंतु कोकणातून आलेल्या चाकरमान्यांनी येथे आपला शक्ती-तुरा आणला आहे. गौरी-गणपतीत गावी नाचला जाणारा जाखडीचा नाच, ज्याला मुंबईकरांनी कोकणी गड्यांच्या कानांतल्या बाळ्यांवरून ‘बाल्या नाच’ हे काहीसे हिणकस नाव दिले, त्याचेच हे सवाल-जवाबी रूप. एक मंडळ शक्तीचे, म्हणजे कलगीच्या परंपरेतले, दुसरे शिवाचा पक्ष घेणारे तुऱ्याचे. आधी गण, मग गवळण, आणि मग पुराणातले कोडे घालून प्रतिपक्षाला अडवणे.

अशा कार्यक्रमाला आम्ही प्रथम बसलो तो येथल्या एका चाळीच्या पटांगणात. सतरंजीवर टेकतो न टेकतो तोच शेजारच्या आजींनी विचारले, “शक्तीवाले की तुरेवाले?” दोन्ही नाही, असे उत्तर असू शकते हे त्यांना पटेना. “पहिल्यांदाच आलात वाटतं,” असे म्हणून त्यांनी आम्हांला आपल्या बाजूला सरकवून घेतले, आणि आम्ही शक्तीचे झालो. पुढचे दोन तास त्या आमच्या टीकाकार होत्या. सवालातली मेख कोठे आहे, जवाब कोठे टाळला गेला, कोणते कडवे मागच्या वर्षीचेच पुन्हा आणले, हे त्या न मागता सांगत. मध्येच कोणाचे एकशे एक रुपयांचे बक्षीस जाहीर होई. शाहीर ओळ अर्धी सोडून देणाऱ्याचे नाव व गाव उच्चारी, आणि त्याच ठेक्यावर उरलेली अर्धी ओळ उचली. आमच्यासारख्या पुस्तकी माणसाला हा रसभंग वाटला. आजींना तो वाटला नाही, कारण गावाचे नाव कवनात येणे हा त्यांच्या लेखी कवनाचाच भाग होता.

रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद झाला. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी उघड्यावरच्या रात्रभराच्या कार्यक्रमांना ही मर्यादा घातली आहे, आणि आजारी माणसांच्या, शाळकरी मुलांच्या वस्तीत ती अन्याय्य म्हणता येणार नाही. तुऱ्याचा जवाब अजून व्हायचा होता. तेव्हा लोक उठून गेले नाहीत. ते पुढे सरकले. शाहिरांभोवती गुडघ्याला गुडघा लावून कडे झाले, ढोलकी उतरली, आणि साध्या आवाजात जवाब म्हटला गेला. मंचामुळे प्रेक्षकांकडे तोंड करून नाचू लागलेल्या जाखडीचे मूळचे रिंगण, ज्याच्या मध्यभागी गाणारे बसत, ते त्या क्षणी प्रेक्षकांनीच परत करून दिले. जवाब सुरू असताना कोणी खाकरले नाही. भरताची दैवी सिद्धी म्हणतात ती हीच असेल, तर ती मानुषी सिद्धीच्या पोटातून आलेली होती. दोन तास ओरडण्याचा हक्क ज्यांनी बजावला होता, त्यांचीच ती शांतता होती.

७

यावरून काही निष्कर्ष काढता येतील. प्रेक्षकाचा सहभाग म्हणजे रसिकतेचा अभाव, हे समीकरण टिकत नाही. सहभाग जाणकारीवर उभा असतो. चाल ठाऊक असल्यावाचून वन्समोअर देता येत नाही, पुराण ठाऊक असल्यावाचून जवाबातली पळवाट सापडत नाही. त्याचबरोबर सहभाग निरागसही नसतो. तो शारदेचे दुःख चाखून पाहतो, शोकात असलेल्या गायकाकडून गाणे घेतो, पैसे टाकून कवीची ओळ तोडतो. त्याचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. त्याची नोंद मात्र हवी.

अडचण अशी की ही नोंद ग्रंथालयात मिळत नाही. नाटकमंडळ्यांच्या नटांनी आत्मचरित्रे लिहिली, नाटककारांनी प्रस्तावना लिहिल्या, प्रेक्षकाने काहीच लिहिले नाही. तो बोलला, आणि त्याचे बोलणे त्या रात्रीबरोबर गेले. बालगंधर्वांना पाहिलेली पिढी आता जवळजवळ संपली आहे. ‘मंदारमाला’ आणि ‘कट्यार’चे पहिले प्रयोग पाहिलेले लोक सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत, आणि शक्ती-तुऱ्याच्या आजींना कोणी विद्यापीठीय प्रश्नावली घेऊन भेटायला गेलेले नाही. मराठी विभागांतील विद्यार्थ्यांनी एखादे संगीत नाटक अभ्यासताना त्याच्या एका जुन्या प्रेक्षकाला गाठावे आणि एवढेच विचारावे : कोणत्या पदाला वन्समोअर मिळाला, दुसऱ्या वेळी गायकाने काय बदलले, आणि तिसऱ्यांदा तुम्ही का थांबलात? छापील पानावर ते पद एकदाच आहे. उरलेल्या दोन वेळा कोणाच्या तरी आठवणीत आहेत, आणि त्या विचारून घेण्यासाठी फार वर्षे हाताशी नाहीत.